साज आणि खोगीरभरती

नगरहून उत्तरेस किंवा पूर्वेस निघालेल्या सायकलस्वाराला आधी उतार लागतो आणि चढ परतीच्या रस्त्यावर त्याची वाट पाहत बसलेला असतो. मनमाड रस्त्यावरचा विळदचा घाट, जुन्या औरंगाबाद रस्त्यावर जेऊर मागे पडल्यावर येणारा इमामपूरचा घाट आणि पाथर्डी रस्त्यावरचा करंजीचा घाट, हे तिन्ही, शहर ज्या पठारावर वसले आहे त्याच्या कडेवरून खाली उतरतात. त्यामुळे सकाळी ताज्या दमाच्या माणसाला ब्रेकची पारख होते आणि दुपारी दमलेल्या माणसाला आपल्या चक्रीच्या दात्यांची. शाळेच्या भूगोलात न सापडणारी ही गोष्ट मी लहानपणी पायांनी शिकलो; आणि गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा पुतण्या आपली नवी, बेताच्या किमतीची रोड बाईक घेऊन दारात उभा राहिला व तिच्यातले कोणते भाग बदलावेत याची यादी त्याने माझ्यापुढे धरली, तेव्हा मला प्रथम तीच आठवली.

यादी लांब होती. कार्बनचा सीटपोस्ट, हलकी चाके, ‘ग्रुपसेट’ म्हणजे गिअर-ब्रेकचा सबंध संच, बाटलीचे पिंजरे, हँडलची रंगीत टेप, आणि सर्वांत शेवटी, पान संपता संपता लिहिलेले, टायर. सगळ्याची बेरीज सायकलच्या मूळ किमतीच्या पलीकडे जात होती. सायकल काही वाईट नव्हती. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, पुढे दोन व मागे आठ चक्र्या, वजन दहा-अकरा किलो. “काका, यातलं आधी काय घेऊ?” असे त्याने विचारले, आणि मी लगेच काही बोललो नाही, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. साधी सायकल घरात आली की तिला काय जोडावे आणि काय जोडू नये, याची उत्तरे या जिल्ह्याने गेली कित्येक दशके आपल्या रस्त्यांवर, आपल्या काट्यांवर आणि आपल्या ओझ्यांवर ताडून पाहिलेली आहेत, आणि ती उत्तरे मला त्या यादीपेक्षा अधिक भरवशाची वाटतात.

हा विवेक आपल्या भाषेने घोड्यांच्या काळातच करून ठेवलेला आहे. घोड्यावर जे चढवायचे त्यातले जे कामाचे, ज्यावाचून स्वार हा स्वार होत नाही, तो साज. आणि खोगिराला नुसता फुगवटा यावा म्हणून आत जे कोंबायचे ती खोगीरभरती. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या या शहराने घोडदळाच्या टापा शतकानुशतके ऐकल्या. आज येथे आर्मर्ड कोअरचे केंद्र आहे आणि घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली आहे, परंतु जुन्या लष्करी व्यवस्थेतला एक भेद मला सायकलच्या इतिहासात फार उपयोगी पडला. स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, आणि सरकारी पागेतून ज्याला घोडा मिळे तो बारगीर. साज कोणता आणि भरती कोणती हे शिलेदाराला लवकर समजे, कारण घोड्याची पाठ सोलली गेली तर नुकसान त्याच्या घरचे होते.

सायकल महाराष्ट्रात आली ती घोड्याचीच जागा मागत आली. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली जवळजवळ सारख्या उंचीच्या दोन चाकांची ‘रोव्हर’ बनविली, तीन वर्षांनी बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर काढला, आणि त्याच १८८८ साली बेळगावात एका सायकलच्या दुकानाने किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ झाला. पुढे लोखंडी नांगराने मराठी शेतकऱ्याच्या घरात पोहोचलेल्या लक्ष्मणरावांचे पहिले दुकान सायकलचे असावे, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. आणि ज्या नगरात छावणी होती, कलेक्टर कचेरी होती, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा होत्या आणि १८७८ पासून दौंड-मनमाड लोहमार्गावरचे स्थानक होते, तेथे तर सायकल येणे अटळच होते.

त्या विलायती वंशाच्या सायकलीचा एक अस्सल नमुना आमच्या घरी होता. माझे वडील तलाठी. पाथर्डी तालुक्यातील त्यांच्या सज्यात पाच गावे, आणि पाचही गावांचे रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे. सायकल काळी, भारी, २४ इंची सांगाड्याची. चाके २८ इंची, टायर दीड इंच रुंद. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे, कारण ओझे मागे असते हे ज्याने ती घडवली त्याला ठाऊक होते. ब्रेक तारेचे नव्हते, लोखंडी कांड्यांचे होते. मूठ आवळली की कांडी खेचली जाई आणि रबराचे दोन ठोकळे धावेच्या आतल्या अंगाला खालून येऊन टेकत. पावसात ती क्रोमची धाव ओली झाली म्हणजे ठोकळे नुसते टेकत, थांबवीत नसत, आणि वडील पायातली वहाण जमिनीला घासत उतरत. पुढच्या चक्रीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८, अशी तिची एकुलती एक जोडणी होती. पायडलचा एक फेरा पुरा केला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाई, रस्ता सपाट असो वा करंजीच्या घाटाचा. घाटात अर्थात ती जात नसे. घाटात वडील खाली उतरत आणि तिला हाताने चालवीत. त्या काळी घाट हा सायकल ढकलण्याचाच प्रदेश मानला जाई आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

या सायकलीला पहिली जोड मिळाली ती कॅरिअरची, आणि ती सरकारी कागदांसाठी. गावोगावचे उतारे, पीकपाहणीची पत्रके आणि जमाबंदीचे कागद लाल रुमालात बांधून त्यावर कॅरिअरची स्प्रिंग ओढून बसवायची, वर रेक्झिनचा तुकडा आणि पावसाळ्यात त्यावर पोत्याची खोळ, असा त्या दप्तराचा थाट असे. दुसरी जोड कायद्याने करावयास लावली. सूर्यास्तानंतर दिव्यावाचून सायकल चालविणे हा गुन्हा होता, आणि १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने वाहनांवर पट्टी बसविण्याचा अधिकार नगरपालिकांना दिलेला असल्यामुळे गावोगावच्या नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. तो बिल्ला दांडीला तारेने बांधलेला असे. शहरात बिल्ला आणि दिवा नसला की नाक्यावरचा शिपाई सायकल अडवी, आणि बहुधा चाकातली हवा सोडून देई.

दिव्याचा इतिहास थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण सायकलला काही जोडल्याने काय मिळते आणि काय द्यावे लागते हे त्यात जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशात दिसत नाही. प्रथम रॉकेलचा छोटा कंदील होता. तो खड्ड्यात विझे. मग कार्बाइडचा दिवा आला: वरच्या कप्प्यातले पाणी थेंब थेंब खालच्या खड्यांवर पडे, वायू निघे आणि पांढरी ज्योत पेटे, प्रकाश उत्तम, पण वास असा की वडिलांच्या सदऱ्याला तो दुसऱ्या दिवशीही येई. त्यानंतर डायनॅमो. टायरच्या बाजूला टेकून फिरणारी ती पत्र्याची बाटली सहा व्होल्ट आणि तीन वॅट वीज देई, आणि त्या तीन वॅटांची किंमत पोटऱ्यांकडून वसूल करी. उतारावर वेग आला की रस्ता उजळून निघे. चढावर वेग पडला, म्हणजे नेमका जेव्हा माणूस अडखळत चाललेला असे तेव्हा, दिवा तांबडा होत होत मालवे. शिवाय डायनॅमोचे दातेरी डोके टायरची बाजू खाऊन टाकी. इंग्लंडातील स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ साली चाकाच्या तुंब्यातच बसणारा डायनॅमो काढून हे घर्षण संपविले होते, परंतु तो आमच्याकडच्या साध्या सायकलींच्या नशिबी आला नाही. आमच्या वडिलांनी दोन टायर त्या बाटलीपायी गमावले आणि तरी ती काढली नाही, कारण पाथर्डी रस्त्यावरच्या मेहेकरीपासून पुढे अंधारात रस्त्यावर बसलेली गुरे त्यांना दिसावी लागत. ज्या जोडीची किंमत माणूस वारंवार मोजतो आणि तरी ती काढून टाकीत नाही, तिला मी साज म्हणतो.

बारगिरांची गोष्ट निराळी. शहरात माळीवाड्यापासून दिल्ली दरवाजापर्यंत तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने होती, आणि माझ्या पिढीतले बहुतेक जण तिथल्याच सायकलींवर पडत-उठत शिकले. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत, गुडघे सोलीत. त्या सायकलींना घंटी नसे, कॅरिअर नसे, दिवा तर नसेच. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात आकडा आणि दुकानाचे नाव. जे सुटे करता येते ते भाड्याच्या सायकलीवर टिकत नाही, हे दुकानदाराला माहीत होते. परंतु एक गोष्ट त्या दुकानांत कटाक्षाने पाळली जाई: चाके सरळ असत. रोज रात्री दुकान मिटण्यापूर्वी मिस्त्री प्रत्येक सायकल उलटी करी, चाक फिरवी, ब्रेकच्या ठोकळ्याजवळ खडू धरी आणि जिथे धाव खडूला लागे तिथला आरा किल्लीने अर्धा फेरा आवळी. याला ‘आऊट काढणे’ म्हणतात. महागडे काहीही न जोडता सायकल हलकी करण्याचा हा सर्वांत जुना उपाय मी तिथे पाहिला.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मलाया घेतला, आणि तोही बव्हंशी सायकलींवरून, तेव्हा रबर दुर्मिळ झाले. हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना १९३६ पासून होता, पण कच्चा माल कुठून यावा? फाटलेल्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा घालून वेळ मारून नेण्याची कला या काळात घरोघर पोहोचली. त्या तुकड्याला आमचे मिस्त्री ‘गेटर’ म्हणतात आणि अजूनही टाकतात. स्वातंत्र्याच्या आगेमागे सायकली येथेच होऊ लागल्या. आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, सोनिपतला अ‍ॅटलास, लुधियानाला हिरो, आणि आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकल, जी पुढे डबघाईस येऊन १९८० साली सरकारने ताब्यात घेतली. नावे बदलली, पण सायकल तीच राहिली, वडिलांचीच.

बदलले ते ओझे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे जिल्ह्याच्या उत्तर भागात फिरले. बेलापूर, कोपरगाव या बाजूंना साखर कारखाने उभे राहिले. आणि १९५० च्या अखेरीस लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यासरशी राहुरी, श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या पट्ट्यातील सायकलचा देह पालटला. वरची दांडी दुहेरी झाली. आरे जाड आले. मागे एका पायाच्या घोडीऐवजी दोन पायांचे उभे स्टँड आले, कारण दुधाच्या दोन भरल्या किटल्या लटकवलेली सायकल तिरपी उभी राहू शकत नाही. उसाच्या वाढ्यांचा भारा आडवा बांधलेला असला की समोरून येणाऱ्याला सायकल दिसतच नसे. हिरवी गंजी आपण होऊन चालत येते आहे असे वाटे. कारखान्याचा स्लिपबॉय तोडीच्या चिठ्ठ्या खिशात घालून फडाफडांतून हिंडे, त्याच्या सायकलीला मात्र ओझे नव्हते आणि म्हणून तिला काही जोडलेलेही नसे. फक्त मडगार्डला खाली रबराची लांब जीभ, कालव्याकाठचा चिखल पायजम्यावर उडू नये म्हणून. उत्तरेत चिखल आणि दक्षिणेत काटे, असा या जिल्ह्याचा सायकलपुरता नकाशा काढता येईल. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा एका जातीच्या सायकलीवर चालणे शक्यच नव्हते.

याच वर्षांत सायकल लग्नातही शिरली. घड्याळ, रेडिओ आणि सायकल हे मागण्यांचे त्रिकूट मुलींच्या बापांनी कर्ज काढून पुरविले, आणि त्या सायकली नटविलेल्या असत: मुठींना रंगीत झुपके, सीटला झालर, आऱ्यांत प्लास्टिकची फुले, पुढच्या मडगार्डवर पितळी गरुड. मी तरुणपणी या सगळ्याला सरसकट खोगीरभरती म्हणत असे. आता एका वस्तूपुरते माझे मत बदलले आहे. तुंब्याभोवती एक रंगीबेरंगी केसाळ कडे सैल घातलेले असे. ते चाकाबरोबर फिरता फिरता तुंब्याची धूळ पुसून काढी आणि तो आरशासारखा राही. हौसेच्या यादीत कामाची वस्तू अशी कधी लपून येते, आणि ती वेचून काढायला नजर मोकळी ठेवावी लागते.

दक्षिणेतल्या काट्यांविषयी मी अधिक अधिकाराने बोलू शकतो. १९७२ च्या दुष्काळात पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या तालुक्यांत माणसे हजारोंनी सरकारी कामांवर खडी फोडीत बसली होती, आणि त्यांच्या हातांनी जे रस्ते झाले त्यांवर ती खडी बरीच वर्षे उघडीच राहिली. डांबर मागाहून, निवडणुकांच्या चालीने आले. कडेला वेडी बाभूळ माजली. तिचा काटा सुईसारखा सरळ शिरतो आणि आत मोडतो. पावसाळा सरला की जमिनीलगत सराटे पसरतात. त्यांचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. वडिलांच्या सायकलला एका सुगीत किती पंक्चरे झाली याची मोजदाद मी शाळेच्या वहीत ठेवली होती. ती सतरा भरली. त्यावर त्यांनी उपाय केला तो दोन्ही टायरांत आतून जुन्या टायरची सलग पट्टी घालण्याचा. सायकल जड झाली, पण पंक्चरे थांबली, आणि वडील संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी येऊ लागले. आमच्या आईच्या दृष्टीने त्या सायकलीला मिळालेली सर्वांत मोठी जोड हीच होती.

त्याच १९७२ साली सायकलला आणखी एक जोड मिळाली, आणि ती देण्यात नगरचाच हात होता. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेले नगरचे कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ बाजारात आणली; कंपनीचा कारखाना आमच्या दौंड रस्त्यावर आहे. पन्नास सी. सी.चे इंजिन आणि खाली सायकलचे दोन पायडल. ते पायडल आता कोणी आठवत नाही, परंतु मला लूना नेहमी अंगात बळ आलेली सायकलच वाटे. इंजिन रुसले की पायांनी घरापर्यंत आणता येणारी. दुधाच्या किटल्या तिच्यावर गेल्या, तलाठी-ग्रामसेवक तिच्यावर गेले, त्यांच्यामागून मोटारसायकली आल्या, आणि साध्या सायकलीला काय जोडावे हा प्रश्न दोन पिढ्या कोणी विचारला नाही. भाड्याची दुकाने मिटली. बिल्ले अडगळीत गेले.

प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला तो अलीकडे, आणि विचारणारे निराळे आहेत. २०१५ साली शेजारच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार केली. पुण्या-नाशिकात दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत कापण्याच्या ‘ब्रेव्हे’ होऊ लागल्या आणि त्यांत रात्री पुढे-मागे दिवा व चमकता अंगरखा सक्तीचा आहे. नाक्यावरच्या शिपायाचा जुना हुकूम असा नव्या वेषात परत आला. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पहाटे सावेडीतून आणि केडगावातून डोक्यावर शिरस्त्राण घातलेली मुले-माणसे चांदबीबीच्या महालाकडे, म्हणजे वस्तुतः सलाबतखानाच्या मकबऱ्याकडे, चढताना दिसू लागली. माझा पुतण्या त्यांच्यातला.

त्याच्या यादीवर मी जे लिहून दिले ते याच इतिहासातून आले. सर्वांत खालचे टायर मी सर्वांत वर नेले. स्वस्त रोड बाईकला कारखान्यातून येतो तो टायर बहुधा जाड तारेच्या कडेचा, पातळ रबराचा आणि काट्याला आत घेणारा असतो. त्याऐवजी तळाशी काटारोधक पट्टा विणलेला, आणि सांगाड्यात मावत असेल तर २५ ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचा टायर घ्यावा, हे वडिलांच्या आतल्या पट्टीचेच सुधारलेले रूप. रुंद टायरला हवा कमी लागते. मध्यम वजनाच्या माणसाला सत्तर-ऐंशी पौंड पुरते, आणि दगडासारखी फुगवलेली शंभर-एकशेदहा पौंडांची चाके खडबडीत डांबरावर उडत राहतात, वेग त्या उडण्यात जातो. त्याच्याबरोबर ब्रेकचे मऊ रबर आणि चांगली तार. ही वस्तू इतकी स्वस्त आहे की कोणी तिची बढाई मारीत नाही, पण करंजीच्या उतारावर हातात फक्त तेवढीच असते. मग बैठक. बैठक मऊ असावी असा समज आहे, तो चुकीचा. ज्या दोन हाडांवर माणूस बसतो त्यांच्या अंतराइतकी ती रुंद असावी आणि तिची उंची माणसाच्या पायाप्रमाणे बोटाबोटाने ठरवावी. वडिलांची कातडी बैठक पहिले वर्षभर त्यांना छळत होती आणि पुढची वीस वर्षे तिने त्यांना उचलून धरले.

त्यानंतर मागची चक्री, आणि ती परतीच्या चढासाठी. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असले तर एका फेऱ्यात सुमारे २.६ मीटर अंतर जाते. मागे ३२ दात्यांची चक्री बसवली की ते २.३ मीटरवर येते. कागदावर हा फरक क्षुल्लक आहे, आणि शंभर किलोमीटरनंतर दुपारी दोन वाजता घाटात तो फार मोठा आहे. मात्र मागच्या डिरेलरचा, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राचा, पिंजरा आखूड असेल तर तो मोठी चक्री झेलत नाही, म्हणून आधी ते पाहावे, आणि साखळीही दोन-चार कड्यांनी वाढवावी लागते. गिअर बदलणारी यंत्रे फ्रान्सच्या महाशर्यतीत १९३७ पर्यंत निषिद्ध होती, चढ अंगबळाने चढावा असा तेथील संयोजकांचा आग्रह होता. ज्यांना पाच गावांचा सजा फिरायचा असतो त्यांनी असा आग्रह धरू नये.

हलकी चाके? आहेत ती आधी सरळ करून घ्यावीत, तुंबे उघडून छर्रे धुवावेत, ताजे ग्रीस भरावे. मिस्त्री लोक ज्याला ‘ओव्हरऑईल’ म्हणतात ते हेच, आणि नव्या सायकलीलाही ते लागते, कारण कारखान्यात ग्रीस हात राखून भरलेले असते. बुटात अडकणारे पायडल पुढच्या वर्षी. कार्बनचा सीटपोस्ट आणि सबंध ग्रुपसेट यांच्यावर मी रेघ मारली. आठ चक्र्यांचा संच काढून अकरांचा बसवायला जो पैसा लागतो तो बाजूला ठेवला तर दोन वर्षांनी त्या संचासह उभी असलेली दुसरी सायकल घेता येते, आणि पहिली घरातल्या दुसऱ्या कोणाला मिळते. हे वाचून पुतण्याचा चेहरा जरासा उतरला, हे मला दिसले. त्याच्या वयात मलाही पितळी गरुड हवा होता.

टायर घेऊन आम्ही माझ्या जुन्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. दुकान आता अर्धे मोटारसायकलींच्या सुट्या भागांचे आहे, पण दारात हवेचा पंप आणि पाण्याची घमेली तीच आहे. सायकलचे वजन एका हाताने तोलीत तो म्हणाला, “गुरुजी, ही तर काडीच आहे,” आणि तिला उलटी न करता, आदराने, दोरीने टांगून ठेवली. जुना टायर त्याने हातांनीच उतरविला, आतली बाजू उलटी करून बाहेर काढली, आणि डोळे दुसरीकडे ठेवून अंगठा हळूहळू सबंध वर्तुळावरून फिरवला, जशी आई मुलाच्या डोक्यातून बोटे फिरवते. पाऊण फेरा झाल्यावर अंगठा थांबला. चिमट्याने त्याने बाहेर काढला तो बाभळीचा काटा नखाच्या पेरापेक्षा लहान होता, टोक आत, बूड रबराशी मोडलेले. गेले पंधरा दिवस रोज सकाळी हवा का उतरलेली असते हे पुतण्याला उमगत नव्हते. मिस्त्रीने तो तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरला आणि विचारले, “कुठं गेला होता, करंजीला?”

“चांदबीबीला,” पुतण्या म्हणाला.

“मग उतारावर डाव्या अंगाला लागला असेल. तिथं फार आहेत,” असे म्हणत मिस्त्रीने नवा टायर उचलला, आणि तो चढविण्यापूर्वी, कोरा असूनही, त्याच्याही आतून एकदा अंगठा फिरवला.